लेखाशीर्ष नसलेला विषय

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या पश्चिम अंगाला, घाटमाथ्याजवळच्या एका वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा. जून संपत आलेला. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी जरा उघडला होता. पटांगणात चिखल, म्हणून परिपाठ व्हरांड्यातच. पट सव्वीस, शिक्षक दोन, त्यांतले गुरुजी तालुक्याला बैठकीला गेलेले. राष्ट्रगीत मुलांनी स्वतः म्हटलं, जरा घाईनं, पण एका सुरात. राज्यगीताची पाळी आली तशी बाईंनी मोबाइल स्पीकरला जोडला. शाहीर साबळ्यांचा आवाज व्हरांडाभर घुमला आणि मुलांचे नुसते ओठ हलू लागले. ती पट्टी त्यांच्या गळ्याची नव्हती. खालच्या सुरांत आवाज दबत होता, वर जायची वेळ आली की फाटत होता. दोन ओळींनंतर बहुतेकांनी गाणं सोडलं आणि ती ऐकत उभी राहिली.

परिपाठानंतर बाईंनी कपाट उघडून पेटी दाखवली. आधीच्या गुरुजींनी शैक्षणिक उठावातून, म्हणजे गावच्या वर्गणीतून घेतलेली. ते बदलून गेले तशी ती कपाटात गेली. भात्याचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, दमट हवेनं पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. भाता हलवला की कुठलीही पट्टी न दाबता मध्य सप्तकातला एक सूर आपोआप वाजायला लागायचा आणि थांबायचा नाही. मुलांना त्याचं फार हसू येत होतं. बाई म्हणाल्या, "मला वाजवता येत नाही सर. आणि येत असतं तरी चार वर्ग सोडून वाजवणार कधी?"

त्या कपाटापासून या लेखाची सुरुवात झाली. सरकारी शाळांतलं संगीत वाचवा, असं कुणी म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो: कापलं कुणी? दाखवा तो आदेश. आदेश दाखवता येत नाही. अमेरिकेत तो दाखवता येतो. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी मालमत्ता कराला मर्यादा घातली, शाळांचा पैसा आटला आणि वाद्यवृंदाचे, गायनाचे शिक्षक आधी घरी गेले. तिथल्या सार्वजनिक शाळांत संगीत हा वेळापत्रकातला विषय होता. बोस्टन शहरानं तो १८३८ सालीच शाळांत आणला होता. विषय होता, पद होतं, पगार होता, म्हणून कात्री लागली तेव्हा ती दिसली आणि पालक रस्त्यावर आले. आपल्याकडे कात्री लावायला कापडच नाही. संगीताला शाळेच्या हिशेबात स्वतःचं लेखाशीर्ष कधी मिळालंच नाही. जे होतं ते एखाद्या गुरुजींच्या हौसेवर होतं, आणि ते निवृत्त झाले की विषयही निवृत्त होत होता.

हे साधं नाही, कारण कागदावर विषय आहे. पहिलीपासून आठवीपर्यंत कला शिक्षण, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण अभ्यासक्रमात आहेत. बालभारतीनं पाचवीसाठी 'खेळू, करू, शिकू' नावाचं पुस्तक काढलं, त्यात गायन आहे, वादन आहे, नृत्य-नाट्य आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी कलांवर जो गट नेमला होता, त्यानं संगीत, नृत्य, चित्र आणि नाट्य दहावीपर्यंत सर्वांना शिकवा, असं सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अभ्यासक्रमातला विषय आणि अभ्यासक्रमाबाहेरचा विषय हा भेदच पुसायची भाषा आहे. कागदाची बाजू इतकी भक्कम क्वचितच एखाद्या विषयाची असेल.

घसरण सुरू होते ती माणूस नेमण्याच्या ओळीवर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात सहावी ते आठवीच्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक देण्याची तरतूद आहे. अट एकच, पट शंभराच्या वर हवा. कोल्हापूर शहरातल्या किंवा करवीर, हातकणंगल्यातल्या मोठ्या गावच्या शाळेला ही अट जड नाही. चंदगडमध्ये वाड्या-वस्त्या विखुरलेल्या, धनगरवाडे जंगलाच्या कडेला, एका शाळेत आठ मुलं तर दुसरीत तीस. शंभराची अट इथल्या बहुतेक शाळांनी जन्मात गाठायची नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात या मुलांना वगळायचं नसेलही, पण आकड्यानं त्यांना वगळलं आहे. आणि जिथे पट आहे तिथेही पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी काही नाही. गळा तयार होण्याचं वय नेमकं तेच.

दुसरी घसरण 'कला' या शब्दात आहे. महाराष्ट्रात शाळेतली कला म्हणजे चित्रकला असं समीकरण बसून गेलं आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या ग्रेड परीक्षा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या, त्यांच्यामुळे चित्रकलेला शिक्षक मिळाला, पदविका मिळाली, शाळेत खोली मिळाली. हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण संगीताला असा शासकीय परीक्षेचा आधार नव्हता. कलेचा एकच माणूस नेमायचा म्हटलं की तो चित्रकलेचा असायचा. काही माध्यमिक शाळांत, विशेषतः मुलींच्या जुन्या शाळांत, संगीत शिक्षक होते. ऑगस्ट २०१५ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे त्याचे, निकष बदलले, तेव्हा कला-क्रीडा शिक्षकांच्या वेगळ्या पदांवरच घाला आला. आंदोलनं झाली आणि तोडगा म्हणून 'अतिथी निदेशक' हा शब्द आला. अतिथी म्हणजे तासिकेच्या हिशेबानं मानधन, वर्षाच्या शेवटी निरोप, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणं येईल की नाही याची वाट. कायद्यातल्या अर्धवेळ, म्हणजे अंशकालीन, निदेशकांनी नेमणुकीसाठी, मानधनासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही, तो मुलांच्या गळ्यावर तीन वर्षांची मेहनत कशी घेणार?

तिसरी गोष्ट पैशाची. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट तीसपर्यंत असेल तर दहा हजार रुपये, शंभरपर्यंत असेल तर पंचवीस हजार. वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू-फळा, स्वच्छता, सगळं यातूनच. खेळासाठी वेगळं अनुदान आहे: प्राथमिक शाळेला पाच हजार, उच्च प्राथमिकला दहा हजार. ग्रंथालयाला वेगळं आहे. म्हणून चंदगडच्या लहानशा शाळेतही बॅट-बॉल, रिंगा, दोरीच्या उड्या दिसतात, पुस्तकांची पेटी दिसते. सुरांच्या पेटीला मात्र असं ठरलेलं खातं नाही. सव्वीस पटाच्या शाळेनं बऱ्यापैकी नवी हार्मोनियम घ्यायची ठरवली तर वर्षाचं सगळं अनुदान त्या एका वस्तूत संपेल. कुठला मुख्याध्यापक हे धाडस करेल? लेखापरीक्षणाला उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

आता या सगळ्याच्या शेजारी एक गोष्ट ठेवून बघा. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांसाठी संगीत शिक्षकाचं स्वतंत्र पद असतं. नवोदय विद्यालयांतही संगीत शिक्षक असतो. कोल्हापूर जिल्ह्याचं नवोदय कागलला आहे. चंदगडमधलं पाचवीतलं एखादं पोर परीक्षा देऊन तिथे लागलं, तर सहावीत त्याला तानपुरा, पेटी, तबला आणि शिकवणारा माणूस मिळतो. त्याच बाकावर बसलेल्या, दोन-चार गुणांनी मागे राहिलेल्या त्याच्या मैत्रिणीला मिळत नाही. म्हणजे मुलांच्या शिक्षणात संगीत शिक्षक लागतो, हे सरकारनं स्वतःच मान्य केलेलं आहे. वाद गरजेचा उरलेलाच नाही. कुठल्या मुलाला द्यायचं आणि कुठल्या नाही, एवढाच उरला आहे, आणि मला या विषयात सर्वांत जास्त डाचतं ते हेच.

दहावीच्या गुणांचंही तसंच. शास्त्रीय गायन-वादन, नृत्य, लोककला यांत प्रावीण्य असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला. पण ते गुण मिळतात मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमाणपत्रावर. शहरातली मुलगी चौथीपासून क्लासला जाते, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत जाते. तिच्या मेहनतीचे ते गुण आहेत. चंदगडच्या मुलीनं कुठे जायचं? गडहिंग्लजला, नाहीतर बेळगावला, फी भरून, एसटीनं. शाळेनं जे शिकवलं नाही त्याचे गुण शाळेच्या परीक्षेत मिळतात, आणि ते विकत घ्यायची ऐपत असलेल्यांनाच मिळतात. लोककलेचे गुण तरी इथल्या मुलांना सहज मिळायला हवेत. धनगरवाड्यावरचा मुलगा ढोलावर गजनृत्याचा ठेका जन्मापासून ऐकतो. पण त्याच्या बापाकडे त्या ठेक्याचं प्रमाणपत्र नसतं.

मागे वळून पाहिलं तर या भागाला संगीताचं वावडं कधीच नव्हतं. तालुक्यातल्या एका किल्ल्याचं नावच गंधर्वगड. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली तोवर चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड तेवढं कोल्हापूरकडे आलं. आजही इथल्या माणसाला बाजारहाटाला, दवाखान्याला बेळगावच जवळ पडतं. त्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था आहे, शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँ होते. तालुक्यातलंच कोवाड हे रणजित देसाईंचं गाव. त्यांनी 'हे बंध रेशमाचे' हे संगीत नाटक लिहिलं, तानसेनावर नाटक लिहिलं. गाणं या मातीत रुजतं, त्याला कुणी परकं मानत नाही.

पण दरबार, क्लब आणि शाळा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक सर्वांत आधी ओळखला तो याच मुलुखातल्या माणसानं. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि राजाश्रय सोडून उत्तरेला गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपीची पुस्तकं, आणि प्रवेश कुणालाही. त्याआधी बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली होती, तीही स्वरलिपी आणि वर्गपद्धतीवर उभी होती. पलुसकरांनी पुढचं पाऊल टाकलं: संस्थानिकाच्या मर्जीवर नाही तर लोकांच्या वर्गणीवर शाळा. आणि इथेच आपल्या विषयाचा मूळ पेच दिसतो. मुंबईत त्यांनी मोठी इमारत उभारली, कर्ज झालं, जलसे करकरून ते फिटेना, आणि १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. एवढ्या तोलामोलाच्या माणसाची संस्था वर्गणीवर टिकली नाही. मग वाडीतल्या शाळेची पेटी वर्गणीवर किती वर्षं वाजेल?

पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात राहिले. पहाटेची प्रार्थना, आश्रमातल्या सगळ्यांना गायला शिकवणं, हे त्यांचं काम. १९३० च्या दांडीयात्रेत ते होते. पुढे झाकिर हुसेन समितीनं बुनियादी शिक्षणाचा अभ्यासक्रम आखला, त्यात सूतकताई-शेतीच्या जोडीला संगीत होतं. गरीब देशाच्या गरीब शाळेचा तो आराखडा होता, तरी त्यातून गाणं गाळलं गेलं नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तिथेही गाणं हाच मुलाला शाळेत आणणारा पहिला हात होता. पैसा नव्हता तेव्हा हे सगळं सुचलं. नंतर पैसा आला, तेव्हा यादीतून ते निसटलं.

आता तिलारीचा घाट उतरून पलीकडे जाऊ. चंदगडहून गोवा पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि सार्वजनिक पैशातून गावोगाव संगीत शिकवलं तर काय होतं याचा सर्वांत मोठा पुरावा तिथेच आहे. पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकापासून, चर्चला जोडलेल्या पाठशाळा गावोगाव उभ्या राहिल्या. तिथला मेस्त्री, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला, व्हायोलिन धरायला शिकवायचा. त्याचं पोट गावच्या सामायिक व्यवस्थेतून भरायचं, मुलाच्या बापाला फी द्यावी लागत नव्हती. हेतू धार्मिक होता, धर्मांतराच्या जबरदस्तीचा इतिहासही त्याला चिकटलेला आहे, ते विसरायचं कारण नाही. पण परिणाम पाहा. शेतकऱ्यांची, कोळ्यांची, तांडेलांची मुलं स्वरलिपी वाचू लागली. विसाव्या शतकात हीच मुलं मुंबईला गेली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा बनली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या प्रसिद्ध गाण्यात गुरूचं नाव अजरामर करून गेले. आपण ज्या चाली आयुष्यभर गुणगुणलो, त्यांच्या मागचे तंतुवाद्यांचे झोत एका गावच्या मास्तराच्या पगारातून आले आहेत. घाटाखाली हे घडलं आणि घाटावर घडलं नाही. घाटावरच्या पोरांचा गळा काही वेगळा नव्हता. त्यांच्या गावाला मास्तर मिळाला नाही.

हंगेरीत झोल्टान कोडाय यांनी तेच वेगळ्या वाटेनं केलं. त्यांचा आग्रह असा की मुलाची पहिली गाणी त्याच्या मातीतली, लोकगीतंच हवीत, आणि पहिलं वाद्य त्याचा स्वतःचा गळा. १९५० साली केचकेमेत शहरात रोज संगीत शिकवणारी पहिली प्राथमिक शाळा सुरू झाली आणि पद्धत जगभर पसरली. आपल्या केरळात १९५७ पासून शालेय कलोत्सव भरतो, सरकारी शाळेतलं पोर राज्याच्या रंगमंचावर गातं आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतं.

मग प्रश्न येतो तो खरा: शाळेतल्या मुलाला वाचता येत नाही, वजाबाकी येत नाही, तिथे गाणं कसलं शिकवता? हा प्रश्न विचारणारे सगळे अरसिक असतात असं नाही. मी स्वतः तिसरीतल्या मुलाला जोडाक्षराशी अडखळताना पाहिलं आहे, आणि त्या क्षणी पेटी सुचत नाही. या प्रश्नाला उत्तर म्हणून संगीताचे पाठीराखे बहुधा एक औषध पुढे करतात: संगीतानं बुद्धी वाढते, गणित सुधारतं. १९९३ साली 'नेचर'मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्ट ऐकवला, आणि पुढची काही मिनिटं एका प्रकारची कोडी त्यांना बरी सुटली. एवढ्यावरून जगभर बाळांना मोझार्ट ऐकवायची लाट आली. अमेरिकेत जॉर्जियाच्या राज्यपालांनी १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिमुद्रिका द्यायला सरकारी पैसा मागितला. टोरांटोचे ग्लेन शेलेनबर्ग यांनी १४४ सहा वर्षांच्या मुलांवर नीट प्रयोग केला आणि २००४ मध्ये सांगितलं की संगीत शिकलेल्यांच्या बुद्ध्यांकात किंचित जास्त वाढ दिसते. पण २०२० मध्ये साला आणि गोबे यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा जितका प्रयोग काटेकोर तितका फायदा शून्याकडे जातो, असं निघालं.

म्हणून माझं मत असं, की आपण हे औषध विकायचं थांबवावं. गणितासाठी पैसा हवा असेल तर तो गणितालाच द्या, असं कुणी म्हटलं तर आपल्याकडे उत्तर नसतं. भाषेपुरतं मात्र एक सांगता येतं, आणि तेही जपूनच. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांवर नीना क्राउस यांच्या गटानं काम केलं, त्यात संगीत शिकणाऱ्या मुलांचा मेंदू बोलण्यातले बारीक ध्वनिभेद जास्त नेमके टिपू लागला. फरक एका वर्षानं दिसला नाही, दोन वर्षांनी दिसला. दरवर्षी बदलणाऱ्या अतिथीच्या हातून हे होणार नाही, हे सांगायला मात्र तो अभ्यास फार उपयोगी आहे.

संगीताची बाजू मुळात दुसरीकडे आहे. इतिहास शिकवल्यानं गणित सुधारतं का, असं आपण विचारत नाही. मुलाला स्वतःचा इतिहास कळावा म्हणून शिकवतो. सूर ओळखणं, लय धरणं, दहा जणांच्या आवाजात आपला आवाज मिळवणं, ही माणसाची क्षमता आहे. ती प्रत्येक मुलात असते आणि न वापरता सुकते. दहाव्या वर्षापर्यंत ज्याला कुणी सूर लावून दिला नाही, तो पुढे आयुष्यभर 'आमचा गळा नाही हो' म्हणत राहतो. चंदगडच्या शाळेत मी हे किती पालकांच्या तोंडून ऐकलं, त्याला गणती नाही.

यावर इथला माणूस हमखास म्हणतो, शाळेत कशाला, गावात भजनी मंडळ आहे की. आहे, आणि त्या मंडळांचे उपकार मोठे आहेत. सप्ताह, दिंडी, गणपतीतल्या आरत्या, गौरींचा झिम्मा-फुगडी यांनी इथला कान जिवंत ठेवला. पण थोडं जवळ जाऊन पाहा. पखवाजावर कोण बसतं? पेटी कुणाच्या पुढ्यात असते? बहुतेक गावांत पुरुषांच्या, आणि ठरावीक घरांतल्या. मुली देवळाच्या ओट्यावरून ऐकतात. हलगी पिढीजात ज्यांच्या गळ्यात अडकवली त्यांच्याच गळ्यात राहते, आणि तिच्यावर हात टाकणारं पोर शाळेच्या स्नेहसंमेलनात ती वाजवायला लाजतं. ढोल धनगरांचा, ओवी बायकांची, पेटी मंडळाची. वाद्यं आपल्याकडे जातीत आणि लिंगात वाटलेली आहेत. कुठल्याही पोरानं कुठलंही वाद्य हातात घ्यावं, अशी गावात एकच जागा आहे, ती म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते याच विश्वासावर की गावातली ही एक खोली सगळ्यांची असेल. त्या खोलीत संगीत नसेल तर ते उरलेल्या जागांच्या रिवाजानं वाटलं जाणार.

पटाच्या प्रश्नावर सरकारकडे एक उत्तर आहे: समूह शाळा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं लहान शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा राज्यात होत्या. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचे दाखले दिले गेले. तीनशे मुलं एका जागी आली तर क्रीडांगण, प्रयोगशाळा, कला शिक्षक सगळं देता येईल, असा युक्तिवाद आहे. संगीताच्या बाजूनं विचार करताना हा युक्तिवाद मला मोहात पाडतो, हे कबूल करतो. पण चंदगडचा पाऊस ज्यानं पाहिला आहे, हत्ती आणि गव्यांच्या वाटा ज्याला ठाऊक आहेत, तो सहा वर्षांच्या पोराला भल्या पहाटे गाडीची वाट पाहत फाट्यावर उभं करणार नाही. गाडी एक दिवस चुकली की शाळा बुडते, आणि बुडते ती आधी मुलीची. मास्तर मोटारसायकलवरून पेटी घेऊन वाडीवर जाऊ शकतो. पहिलीच्या पोराला पेटीकडे नेण्यापेक्षा हे सोपं आहे आणि स्वस्तही आहे.

आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. १९९४ मध्ये राज्यात ४,८६० केंद्रं तयार केली, साधारण दहा शाळांमागे एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख. शिक्षण धोरणातही शाळा संकुलांनी कला, संगीत, क्रीडा शिक्षक आपसांत वाटून घ्यावेत, स्थानिक कलावंतांना शिकवायला बोलवावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. मग केंद्रामागे एक संगीत शिक्षक, आठवड्यात प्रत्येक शाळेला अर्धा दिवस. महिन्याला पंचवीस हजार रुपये धरले तर सगळ्या केंद्रांचा खर्च वर्षाला १४५ कोटी ८० लाख होतो. हजारो कोटींच्या शालेय शिक्षणाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. त्यातही एकदम सगळीकडे नको, आधी चंदगड, आजरा, शाहूवाडी, भुदरगड अशा डोंगरी तालुक्यांपासून सुरू करा, कारण शंभराच्या अटीनं आधी यांनाच बाहेर ठेवलं. अट पटाची नको, केंद्राची हवी. भजनी मंडळातला पेटीवाला, धनगरवाड्यावरचा ढोलवाला यांनाही बोलवा, पण नारळ-शाल देऊन नव्हे, मानधन देऊन, मस्टरवर सही घेऊन. फुकटच्या हौसेवर हा विषय शंभर वर्षं चालवून पाहिला. तेवढं पुरे झालं.

शिक्षक येईपर्यंत काही करता येतं का, असं बाईंनी मला विचारलं होतं. एक लहान गोष्ट करता येते. आमचे जुने गुरुजी परिपाठाआधी एका मुलीला पुढे उभं करायचे आणि तिला सोपा वाटेल तो सूर लावायला सांगायचे. तो बहुधा काळी चारच्या आसपास यायचा. मग सगळी शाळा त्या पट्टीत. स्वतःच्या आवाजाला जड जात असूनही गुरुजी खालच्या अंगानं साथ करायचे. पट्टी मुलांची, मोठ्यांची नाही, एवढंच. स्पीकर बंद करून हे करून बघा, असं मी म्हणालो.

श्रावणात पुन्हा त्या वाडीवर गेलो. शेजारच्या गावच्या मंडळातल्या पेटीवाल्यांनी येऊन भात्याला नवं कापड लावलं होतं, पट्ट्या घासून मोकळ्या केल्या होत्या, आपोआप वाजणारा सूर गप्प केला होता. व्हरांड्यात चौथीतली एक मुलगी पेटीवर एकच पट्टी दाबून धरत होती आणि बाकीची त्या सुरात सा लावत होती. कुणाचा लागत होता, कुणाचा घसरत होता. पेटीवाल्यांनी मजुरी घ्यायला नकार दिला होता, पण कापडाचे आणि चामड्याचे साडेचारशे रुपये शाळेला द्यायचे होते. बाई कीर्द उघडून बसल्या होत्या. कुठल्या रकान्यात लिहू, असं विचारत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःच लिहिलं: इमारत किरकोळ दुरुस्ती.